फैजपूर काँग्रेस आणि युरोपातील हुकूमशाही

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी तत्कालीन पूर्व खानदेश (१९६० नंतर जळगाव) जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. त्याची ख्याती प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे टिकून आहे : त्याचे ग्रामीण स्वरूप आणि तेथे संमत झालेला शेतकरीविषयक कार्यक्रम. परंतु या अधिवेशनाचे तिसरेही एक अंग होते आणि ते सामान्यतः दुर्लक्षिले जाते. इटली व जर्मनी येथील हुकूमशाही, स्पेनमधील यादवी युद्ध आणि येऊ घातलेले महायुद्ध यांविषयी काँग्रेसने घ्यावयाच्या भूमिकेची मांडणी येथे झाली. पुढील नऊ वर्षांच्या घडामोडींत ही भूमिका कितपत टिकली, हा या लेखाचा विषय आहे.

अधिवेशन खेड्यात भरवावे, ही महात्मा गांधींची इच्छा होती. तिला मूर्त रूप देण्यासाठी शंकरराव देव, अण्णासाहेब दास्ताने, धनाजी नाना चौधरी प्रभृतींनी खपून तयारी केली. अधिवेशनासाठी उभारलेल्या वसाहतीस टिळकनगर असे नाव देण्यात आले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया व इतर स्थानिक साहित्य वापरून तिची सजावट केली. २५ डिसेंबर रोजी प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना गांधींनी या कामाची मनःपूर्वक प्रशंसा केली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलातील नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी हेही अधिवेशनाच्या प्रचारार्थ खेडोपाडी हिंडले. याच सुमारास फैजपुरातच किसान सभेचे अधिवेशन प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि वि. म. भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा जथा मनमाडपासून पायी चालत तेथे आला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळल्याने खानदेशातील शेतकरी कर्जात बुडाला होता. अशा श्रोत्यांपुढे माद्रिद आणि ॲबिसिनिया (इथिओपिया) यांच्या गोष्टी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्या वेळीही काहींना पडला असणे स्वाभाविक आहे.

नेहरूंच्या दृष्टीने हे प्रयोजन उघड होते. पत्नी कमला यांच्या आजारामुळे सप्टेंबर १९३५ मध्ये अलमोडा तुरुंगातून सुटका होताच ते जर्मनीतील बाडेनवाइलर येथे गेले. पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २८ फेब्रुवारी १९३६ रोजी कमला नेहरूंचे निधन झाले. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे सप्टेंबर १९३५ मध्येच जारी झाले होते. परतीच्या प्रवासात विमान रोमला थांबणार होते. तेथे मुसोलिनीची भेट घ्यावी, असे निमंत्रण त्यांना आले. इटलीचे ॲबिसिनियावरील आक्रमण त्या वेळी चालू असल्याने या भेटीचा फॅसिस्ट प्रचारासाठी उपयोग केला जाईल, हे ओळखून नेहरूंनी आग्रह होऊनही ती नाकारली. त्याच वर्षी त्यांनी काँग्रेसच्या कचेरीत परराष्ट्र विभाग सुरू करून तो डॉ. राममनोहर लोहिया यांच्याकडे सोपविला. लोहियांचे उच्च शिक्षण बर्लिनमध्ये झाले होते आणि नाझी पक्षाचा उदय त्यांनी विद्यार्थिदशेत जवळून पाहिला होता. थोडक्यात, फैजपूरच्या व्यासपीठावरून जे बोलले गेले, ते केवळ वृत्तपत्रे वाचून बनविलेले मत नव्हते.

अध्यक्षीय भाषणात नेहरूंनी जागतिक परिस्थितीचा परामर्श आरंभीच घेतला. त्यांच्या विवेचनाचे सूत्र असे, की फॅसिझम आणि साम्राज्यशाही या परस्परविरोधी शक्ती नसून एकाच वृक्षाच्या दोन फांद्या आहेत. ब्रिटनचे परराष्ट्रीय धोरण लोकशाहीचे नाव घेते, पण प्रत्यक्षात ॲबिसिनियात व स्पेनमध्ये आक्रमकांनाच साहाय्यभूत होते. म्हणून स्पेनमधील प्रजासत्ताकाचा जनरल फ्रँकोविरुद्ध चाललेला लढा आणि हिंदुस्थानचा स्वातंत्र्यलढा हे एकाच व्यापक झगड्याचे भाग होत. अधिवेशनाने युद्धाच्या धोक्याविषयी ठराव करून साम्राज्यशाही युद्धात हिंदुस्थानला ओढण्यास विरोध जाहीर केला. १९३५ चा कायदा धिक्कारून संविधान सभेची मागणी करण्यात आली आणि त्या कायद्याच्या अंमलाच्या दिवशी, १ एप्रिल १९३७ रोजी, देशभर हरताळ पाळण्याचे ठरले. नोव्हेंबर १९३६ मध्ये तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय हेही फैजपूरला उपस्थित होते. संविधान सभेची कल्पना त्यांनी आग्रहाने पुरस्कारिली होती.

या मांडणीत एक अडचण दडलेली होती. फॅसिझम व साम्राज्यशाही ही एकच व्याधी मानली, तर त्या दोहोंमध्ये युद्ध जुंपल्यावर पारतंत्र्यातील राष्ट्राने काय करावे ? १९३६ मध्ये हा प्रश्न तात्त्विक वाटला. तीन वर्षांनी तो अपरिहार्य झाला.

महाराष्ट्रात सर्वांचाच कल नेहरूंच्या बाजूस होता, असे मात्र नाही. हिंदुमहासभेचे पुढारी डॉ. बा. शि. मुंजे हे गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये रोम येथे मुसोलिनीस भेटले होते. इटलीतील युवकांच्या लष्करी शिक्षणसंस्था पाहून ते प्रभावित झाले आणि तशा धर्तीच्या शिक्षणाची निकड त्यांनी येथे प्रतिपादिली. नासिकचे भोसला सैनिकी विद्यालय १९३७ मध्ये त्यांनीच स्थापन केले. वि. दा. सावरकर यांनी १९३८ मध्ये पुणे येथील भाषणात, जर्मनीने व इटलीने कोणती राज्यपद्धती स्वीकारावी हे ठरविणारे आपण कोण, असा नेहरूंच्या धोरणावर आक्षेप घेतला. शिस्त, सामर्थ्य आणि झटपट उत्कर्ष यांचे आकर्षण त्या काळच्या सुशिक्षित मराठी वर्गात बरेच होते. त्या राजवटींच्या छळछावण्यांविषयीचे औदासीन्यही तेवढेच होते, असे म्हणावे लागते.

काँग्रेसची भूमिका केवळ शाब्दिक होती, हा आरोप पूर्णतः खरा नाही. जून १९३८ मध्ये नेहरू बार्सेलोना येथे गेले आणि प्रजासत्ताकाच्या सेनानींना भेटले. स्पेनसाठी निधी व अन्नधान्य जमविण्यात आले. जपानने आक्रमिलेल्या चीनकडे सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे जे वैद्यकीय पथक रवाना झाले, त्याचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनमध्ये काम करून आलेले होते. त्या पथकातील डॉ. चोळकर नागपूरचे, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच देह ठेवला. तथापि प्रत्यक्ष साहाय्याचे प्रमाण अल्प होते आणि ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर काँग्रेसचे एकमतही नव्हते. नाझी छळामुळे परागंदा झालेल्या तज्ज्ञ ज्यूंना हिंदुस्थानात काम देण्यास हरकत नसावी, अशा आशयाचा ठराव नेहरूंनी १९३८ च्या अखेरीस पुढे आणला. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांना तो मान्य नव्हता. गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये हरिजन पत्रात ज्यूंच्या छळाचा तीव्र निषेध केला, परंतु त्यांना उपाय सुचविला तो अहिंसक प्रतिकाराचा. ज्या राजवटीस विरोधकाचे प्राण घेण्यात दिक्कत वाटत नव्हती, तिच्यापुढे या उपायाचा निभाव कसा लागणार, हा मार्टिन बूबर यांनी गांधींना विचारलेला प्रश्न पुढील इतिहासाने अधिकच तीव्र केला.

तरीही काही निर्वासित मुंबईस पोचले. त्यांच्या साहाय्यार्थ तेथे १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था स्थापन झाली होती. संगीतकार वॉल्टर कौफमन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडॉल्फ फोन लायडन अशी काही माणसे या लाटेतून आली आणि मुंबईच्या कलाजीवनाचा भाग बनली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले जाताच ब्रिटिश सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची धरपकड केली. त्यात नाझी होते आणि नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. पारपत्रावरील देशाचे नाव तेवढे पाहिले गेले. त्यांना अहमदनगर (२०२४ नंतर अहिल्यानगर) येथे व नंतर नासिकजवळच्या देवळाली येथील छावणीत ठेवण्यात आले. चौकशीअंती अनेक ज्यूंची मुक्तता झाली. हिटलरच्या बळींना हिटलरचे हस्तक समजून डांबण्याचा हा प्रकार ब्रिटनमध्येही घडला, परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी प्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे घोषित केले, तेव्हा फैजपूरमध्ये दडलेली अडचण उघड झाली. वर्धा येथील कार्यकारिणीच्या १४ सप्टेंबर १९३९ च्या निवेदनात नाझी आक्रमणाचा निषेध होता आणि त्याबरोबरच ब्रिटनने आपली युद्धोद्दिष्टे स्पष्ट करावीत, अशी मागणीही होती. तीस समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यानंतर वाटा फुटल्या. मानवेंद्रनाथ रॉय यांनी फॅसिझमचा पराभव हेच प्रथम कर्तव्य मानून युद्धास पाठिंबा दिला व १९४० मध्ये स्वतंत्र पक्ष काढला. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वि. म. तारकुंडे यांच्यासारखे अनुयायी त्यांना लाभले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही नाझी विजय हा श्रमिकांचा व दलितांचा घात ठरेल, असे मानून जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रवेश केला. परराज्यपद्धतीवर मत देण्याचे नाकारणाऱ्या सावरकरांनी हिंदू तरुणांना ब्रिटिश सैन्यात शिरण्याचा सल्ला दिला. कम्युनिस्टांनी सोव्हिएट रशियावर आक्रमण झाल्यानंतर युद्धाचे वर्णन लोकयुद्ध असे बदलले. सुभाषचंद्रांनी शत्रूचा शत्रू जवळ केला. ते १९४१ मध्ये बर्लिनला पोचले व मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले, पण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची निःसंदिग्ध घोषणा त्यांना तेथून मिळाली नाही.

काँग्रेसने ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’ ठराव संमत केला. चीन व रशिया यांच्या संरक्षणास बाध येऊ नये, अशी चिंता त्या ठरावातच व्यक्त झाली आहे, आणि स्वतंत्र भारत हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्यात आपली सर्व शक्ती लावील, असे आश्वासनही तीत आहे. ही फैजपूरचीच भाषा होय. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले आणि ठरावातील हा भाग कागदावरच राहिला. खानदेशात चळवळ पोचली ती विद्यार्थ्यांच्या मिरवणुका, तारा तोडणे व भूमिगत पत्रके यांच्या रूपाने. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे विद्यार्थी मृत्युमुखी पडले. शिरीषकुमारचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाणे येथे क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. हुकूमशाहीविरुद्ध लढणारे सरकारच जेथे निःशस्त्र मुलांवर गोळ्या झाडीत होते, तेथे बर्लिन व लंडन यांत भेद करा, असे लोकांना सांगणे सोपे नव्हते. ऑगस्टच्या चळवळीने अक्षराष्ट्रांना मदत केली, असा आक्षेप घेणारे हा भाग विसरतात. उलट काँग्रेसची भूमिका अखेरपर्यंत सुसंगत राहिली, असे म्हणणारे हे विसरतात की, निवड करण्याची वेळ आली तेव्हा साम्राज्यशाहीचा विरोध अग्रभागी आला आणि फॅसिझमचा विरोध शब्दांत उरला.

फैजपूरचे अध्यक्ष नेहरू आणि तेथील यजमानांपैकी शंकरराव देव हे दोघेही ऑगस्ट १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. त्याच शहरात तीन वर्षांपूर्वी जर्मन स्थानबद्धांना आणले गेले होते. १९४४ मध्ये नेहरूंनी या किल्ल्यात डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ लिहिला. मुसोलिनीची भेट नाकारल्याची हकीकत त्यांनी त्यात सविस्तर दिली आहे.

फैजपूरच्या विवेचनातील एक उणीव येथे नोंदविणे अगत्याचे आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये मॉस्को येथे झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह आदींवर खटले भरून त्यांना देहान्त शासन देण्यात आले होते. स्टालिनची राजवट ही स्वतंत्र जातीची हुकूमशाही आहे, हे तेव्हाच्या डाव्या विचारांच्या काँग्रेसजनांना दिसले नाही, किंवा दिसूनही त्यांनी ते मनावर घेतले नाही. तिचे बळी मात्र पुढे महाराष्ट्राच्या दारी आले. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड व्यापल्यावर सोव्हिएट सरकारने तेथील लक्षावधी लोकांना सायबीरिया व मध्य आशियात हद्दपार केले. जुलै १९४१ च्या करारानंतर सुटलेल्यांपैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ मध्ये त्यांच्यासाठी छावणी उभारण्यात आली. तीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. छावणीत त्यांच्या शाळा व चर्च चालत. युद्ध संपले तरी सोव्हिएट वर्चस्वाखालील पोलंडला परतण्यास त्यांतील पुष्कळ जण तयार नव्हते. छावणी १९४८ मध्ये बंद झाली आणि तेथे फाळणीमुळे आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. तिचे नाव गांधीनगर.