वर्धेची सीमा

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगाने वर्धा नदी वाहते. पलीकडे वऱ्हाड. भूगोल शिकविताना ‘नैसर्गिक सीमा’ म्हणून आम्ही तिच्याकडे बोट दाखवितो, आणि मुले ते निमूटपणे उतरून घेतात. परंतु ही सीमा निसर्गाने आखलेली नव्हे. ती १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने आखली.

त्यापूर्वी वऱ्हाडात दोअमल होता. एकाच गावाचा वसूल निजामाचा अंमलदारही नेई आणि नागपूरकर भोसल्यांचाही. एका पिकाला दोन धनी! रयतेला हे सुखाचे होते असे कोण म्हणेल? पण मुलूख कोणाचा, या प्रश्नाला तेथे एक उत्तर नव्हते. आणि नेमका असाच मुलूख तहाच्या बैठकीत कामी येतो. हरलेल्याला म्हणता येते, ‘तुझे घर घेत नाही, भागी तेवढी मोडतो.’

२९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र यांनी आर्थर वेलस्लीशी तह केला. कटक व बालासोर इंग्रजांनी स्वतःस ठेविले, कारण बंगाल आणि मद्रास जोडणारा किनारा त्यांना हवा होता. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख पुढे त्यांचा दोस्त निजाम याच्या पदरात पडला. गंमत पाहा : रक्त सांडून घेतलेला गाविलगड मात्र नरनाळ्यासह भोसल्यांना परत मिळाला, वर लगतचे चार लाखांचे परगणे! माझ्या मते ही जखमेवरची फुंकर होती. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तेही गेले.

पुढे १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हाती दिले. त्याच डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि नागपूरही खालसा झाले. भांडणारे दोघेही गेले; रेघ तेवढी उरली. १९०३ साली दोन्ही तीर एका प्रांतात आले, तरी जमिनीचा कायदा निराळाच राहिला. पलीकडे रयतवारी, शेतकरी सरकारचा खातेदार. अलीकडे मालगुजारी, शेतकरी मालगुजाराचे कूळ. एकच काळी माती, एकच कापूस. पण कोणाच्या दारात हात जोडून उभे राहायचे, हे नदीच्या कोणत्या तीरावर जन्मलो यावरून ठरे. मालगुजारी गेली ती १९५१ साली. म्हणजे देवगावचा तह आमच्या शेतांतून जवळजवळ दीडशे वर्षे नांदत होता.

त्या बैठकीत दोन्ही दरबारांचे हक्क तोलले गेले. ज्या गावांचे हक्क तोलायचे, त्या गावांना कोणी विचारले नाही. आर्वीकडचा माणूस कार्तिकात नदी ओलांडून कौंडण्यपूरला जातच राहिला. रुक्मिणीचे माहेर त्याने परमुलखात कधी धरलेच नाही.

यापुढे नकाशावर ती निळी रेघ दाखविताना मी मुलांना तारीखही सांगणार आहे.