तेरची मस्तकहीन माय आणि गोमाचा ठेका

तेरला येणारा माणूस गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकतो आणि परततो. मी परतलो नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात गेलो. तिथे तळहातावर मावतील अशा स्त्रीमूर्ती आहेत. गुडघे दुमडलेले, मांड्या फाकलेल्या, आणि मस्तक नाही. सातवाहनकाळातल्या या मूर्तींना अभ्यासक लज्जागौरी म्हणतात. ही बैठक कुणी प्रसूतीची मानतो, कुणी संभोगाची. मला पहिला प्रश्न पडला तो नावाचा. घडवणाऱ्याला जिची लाज वाटली नाही, तिच्या नावात लाज कुणी घातली?

माझी आजी सुईण होती. कळा सुरू झाल्या की सवर्णांच्या वाड्यातून तिला बोलावणे येई. त्या रात्री ती माजघरात चालत असे. नाळ कापली, वार पुरली, की तीच आजी उंबऱ्याबाहेर बसून पदरात भाकरी घेई. ती गेल्यावर जमीन सारवली जाई. जन्म पवित्र आणि जन्माला हात लावणारी विटाळशी, हे गणित तिने कधी मांडले नाही; पण ती त्यातच जगली. संग्रहालयातल्या त्या मूर्तीपुढे मला देवी आठवली नाही, आजी आठवली.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जात असे. तेच पुस्तक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांचीही माहिती देते आणि तिथून निघणाऱ्या मालात गुलामांचीही नोंद करते. तगरचे कापड आणि आफ्रिकेचा माणूस एकाच व्यापाराच्या वहीत सापडतात, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे शतकानुशतके आफ्रिकेची माणसे या देशात आली. कुणी खलाशी म्हणून, कुणी शिपाई म्हणून, पुष्कळशी विकली जाऊन. हबश देशातून विकत आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. अहमदनगर पडल्यावर, १६०० मध्ये, त्याने ज्या मुर्तजाला गादीवर बसवले ती गादी तेरच्या याच जिल्ह्यात, परंड्याला होती. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. मलिक अंबर इतिहासात राहिला, कारण त्याच्या हाती तलवार होती. त्याच्याबरोबरच्या आणि नंतरच्या हबशी बायकांचे काय झाले?

उत्तर शोधायला पुन्हा भडोचकडे जावे लागते. त्या जिल्ह्यात रतनपूरजवळच्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी पिराचा दर्गा आहे आणि जवळच त्याची बहीण माई मिस्रा हिचे स्थान आहे. सिद्दी सांगतात, तिथल्या राक्षसिणीपुढे भाऊ थकले तेव्हा बहिणीने तिला जमिनीत गाडले. मूल होत नाही म्हणून बायका येतात त्या या बहिणीकडे. तिच्या सेवेत सिद्दी बायका असतात. तिथे ढोलाच्या ठेक्यावर जे नाचतात त्याला गोमा म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या ‘न्गोमा’चा वंशज आहे. तिकडे ढोल, नाच आणि दुखण्यावर उतारा म्हणून भरणारी मंडळी, या सगळ्यांना हा एकच शब्द आहे. सिद्द्यांच्या वाद्यांत नारळाच्या कवटीचा एक खुळखुळा आहे. त्याचे नाव माई मिस्रा. भाषा गेली, गाव गेले, मालकाचा धर्म अंगावर आला. पण आईचे नाव वाद्याला चिकटून राहिले.

अटलांटिकपलीकडेही असेच घडले. नायजेरियातील ओशोग्बोच्या नदीकाठी योरुबा बायका ओशुन देवीकडे मूल मागतात. गुलामांच्या जहाजांतून ती ब्राझील आणि क्यूबाला गेली, तिथेही ढोलावर नाचवली गेली. १६६२ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला: मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. गुलाम बाईच्या पोटी आलेले मूल मालकाची मिळकत! जिथे गर्भाशयावरच मालकी होती तिथे देवीपुढे नाचून ‘मला मूल दे’ म्हणणे म्हणजे ‘ते माझे असू दे’ म्हणणे होते. नवससायासाला हसणाऱ्यांनी एवढे समजून घ्यावे.

तेरच्या मूर्तीपासून गोमापर्यंत सरळ वंशावळ आहे, असा माझा दावा नाही. साम्य वेगळ्या ठिकाणी आहे. लोककथेत परशुरामाच्या परशूने रेणुकेबरोबर तिला आसरा देणाऱ्या मातंग बाईचेही मस्तक उडते. आमची हलगी देवीला चालते, हलगीवाला चालत नाही. जोगतिणीचा नाच चालतो, तिच्या मुलाला बापाचे नाव मिळत नाही. श्रम आणि सर्जन घ्यायचे आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही रीत दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच आहे.

म्हणून या परंपरांचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. देवी पूजणाऱ्या समाजानेच बाईला वांझ म्हणून हाकलले आहे. बाबासाहेबांनी वाट वेगळी दाखवली. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. मूल हवे असेल तर बाळंतिणीला विसावा, नको असेल तर नाही म्हणायची मुभा: दोन्हींचा अर्थ एकच, की देह बाईचा आहे.

१९७२ मध्ये आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून पँथर हे नाव घेतले. ते योग्यच होते. पण आपल्याच मातीत चारशे वर्षांहून अधिक काळ नांदणाऱ्या आफ्रिकेशी आपण अजून बोललेलो नाही, आणि आपल्या सुईणींशीही. विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: गावोगावच्या म्हाताऱ्या सुईणी शोधा. कळा थांबल्या तर त्या काय म्हणत, बाईला कशी बसवत, दोर कुठे बांधत, हे त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. माझ्या आजीचे मी लिहून घेतले नाही.