अमूलक दोषारोप आणि नागरी स्वातंत्र्य : विनयाच्या प्रकाशात भीमा-कोरेगाव प्रकरण

जुन्नर नगराभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी येथे, दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. ह्या लेण्यांचा अभ्यास बहुधा शिल्पकलेच्या किंवा व्यापाराच्या अंगाने होतो. धान्य-व्यापाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणी, नहपानाचा अमात्य अयम, यवन दाते ह्यांचे उल्लेख येथील शिलालेखांत असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु ही लेणी मुळात भिक्षुसंघाची निवासस्थाने होती आणि संघ म्हणजे नियमांनी बांधलेला समाज होय. दर उपोसथाला येथील भिक्षू एकत्र जमत, पातिमोक्खाचे पठन करीत आणि कोणावर दोषारोप आला असेल तर त्याचा निर्णय विनयानुसार करीत. एका माणसाने दुसऱ्यावर आरोप केला असता समूहाने कसे वागावे, ह्या प्रश्नाचा विचार ह्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी होत होता.

ह्याच भूभागातून कुकडी वाहते. ती घोड नदीला मिळते आणि आंबेगाव तालुक्यातून आलेली घोड पुढे भीमेला मिळते. भीमेच्या काठी कोरेगाव येथे १ जानेवारी २०१८ रोजी अभिवादनास आलेल्या जनसमुदायावर हल्ले झाले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत पुणे पोलिसांनी देशाच्या अनेक शहरांत लेखक, वकील, प्राध्यापक व कार्यकर्ते ह्यांच्या घरांवर छापे घातले. ह्या छाप्यांच्या निमित्ताने नागरी स्वातंत्र्याची मर्यादा कोठे पडते, ह्याचा विचार विनय, अशोकाचे लेख आणि भारतीय संविधान ह्यांच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे. आरोपी दोषी की निर्दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आरोप सिद्ध होण्यापूर्वी माणसाशी कसे वागावे, एवढाच आमचा विषय आहे.

विनयातील दोषारोपाची शिस्त

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. जुन्नरच्या एका शिलालेखात धर्मोत्तरीय निकायाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. त्या निकायाचे विनयपिटक आज उपलब्ध नाही. आम्ही आधार घेतो तो पालि विनयाचा, म्हणजे थेरवादाचा. तथापि ज्या नियमांचा येथे विचार करावयाचा आहे ते उपलब्ध असलेल्या सर्व निकायांच्या विनयांत आढळतात. त्यामुळे जुन्नरच्या संघालाही ते अपरिचित नसावेत, असे मानण्यास हरकत नाही.

संघादिसेसाच्या आठव्या व नवव्या नियमांची निदानकथा आयुष्मान दब्ब मल्लपुत्त ह्यांची आहे. राजगृहाच्या वेळुवनात भिक्षूंच्या निवासाची व भोजनाची वाटणी त्यांच्याकडे होती. मेत्तिय-भुम्मजक नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिक्षूंना एके दिवशी निकृष्ट भोजन मिळाले. त्याचा राग धरून त्यांनी एका भिक्षुणीकरवी दब्बांवर पाराजिक अपराधाचा खोटा आरोप करविला. भगवंतांनी सर्वप्रथम दब्बांनाच सर्वांसमक्ष विचारले आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. त्यानंतर आरोप करणाऱ्या भिक्षूंची चौकशी करण्याची आज्ञा दिली. ह्या प्रसंगावरून नियम झाला, की न पाहिलेला, न ऐकलेला आणि ज्याची शंकाही आलेली नाही असा आरोप ‘अमूलक’ होय, आणि अमूलक आरोप करणारा स्वतःच संघादिसेस अपराधास पात्र ठरतो.

नववा नियम अधिक मार्मिक आहे. त्याच भिक्षूंनी पुढे एका बोकडाला ‘दब्ब’ व शेळीला ‘मेत्तिया’ असे नाव दिले, त्यांचा समागम पाहिला आणि ‘आता आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले’ असे सांगत सुटले. एका प्रकरणातील लेशमात्र गोष्ट उचलून ती दुसऱ्या प्रकरणाला चिकटविणे, हा ह्या नियमाचा विषय आहे. पुरावा दिसावयास आहे, पण तो ज्याच्यावर ठेवला जातो त्याचा तो नाहीच, अशा आरोपाची दखल विनयाने वेगळी घेतली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चुल्लवग्गात ह्याला जोडून ‘सम्मुखाविनय’ येतो. षड्वर्गीय भिक्षू अनुपस्थित भिक्षूंवर दंडकर्मे करू लागले, तेव्हा भगवंतांनी त्यास मनाई केली. निर्णयासाठी संघ, धर्म, विनय आणि संबंधित व्यक्ती ह्या चारही गोष्टी समोर असाव्या लागतात. आरोप करण्यापूर्वी ज्याच्यावर आरोप करावयाचा त्याची अनुज्ञा घ्यावी; आरोप योग्य वेळी, सत्याने, मृदुतेने, हितासाठी आणि मैत्रीचित्ताने करावा, अशीही शिस्त आहे. ह्या सर्व नियमांत एक सूत्र दिसते. आरोपीप्रमाणे आरोप करणाऱ्याचीही परीक्षा व्हावयास हवी.

वज्जींचा न्याय आणि अशोकाची चिंता

हे नियम संघापुरते होते. राज्याला ते कसे लागू पडतील, असा आक्षेप येऊ शकेल. त्याचे उत्तर अट्ठकथेत आहे. महापरिनिब्बान सुत्तातील वज्जींच्या सात अपरिहानीय धर्मांवर भाष्य करताना आचार्य बुद्धघोष वज्जींच्या जुन्या न्यायपद्धतीचे वर्णन करतात. चोर म्हणून धरून आणलेल्या माणसाला थेट शिक्षा होत नसे. तो प्रथम विनिश्चय-महामात्यांकडे, नंतर व्यावहारिकांकडे, सूत्रधरांकडे, अष्टकुलिकांकडे, सेनापतीकडे, उपराजाकडे आणि शेवटी राजाकडे जाई. प्रत्येक पायरीवर तो निर्दोष आढळल्यास सोडून देण्याचा अधिकार होता. शिक्षेचा अधिकार मात्र केवळ शेवटच्या पायरीला, आणि तोही परंपरेने चालत आलेला नियमग्रंथ वाचून. अर्थात सुटकेची दारे अनेक आणि शिक्षेचे दार एकच, अशी ती रचना होती.

सम्राट अशोकाने धौली व जौगड येथील स्वतंत्र शिलालेखांत नगराच्या न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून जी आज्ञा दिली, तिचा विषय हाच आहे. एखादा माणूस अकस्मात, कारणाशिवाय, बंधनात पडतो आणि त्याबरोबर इतर अनेकांना दुःख होते, ह्याची त्याला चिंता वाटते. असे का घडते, ह्याची कारणेही तो देतो. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, अभ्यासाचा अभाव, आळस आणि थकवा ही ती कारणे होत. राजाने आपल्याच अधिकाऱ्यांचे दोष दगडावर कोरून ठेवावेत, असे उदाहरण इतिहासात विरळा.

बाबासाहेब आणि अनुच्छेद २२

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत ह्या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून ‘यथोचित प्रक्रिया’ ही कल्पना वगळली गेली आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच शब्द राहिले. संसदेला ह्यामुळे मोकळे रान मिळेल, अशी टीका झाली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी अनुच्छेद १५-अ मांडला; तोच आजचा अनुच्छेद २२ होय. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे ही हमी त्यात आहे. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे, हे नाकारता येत नाही. स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच अनुच्छेदात शेजारी-शेजारी बसली आहेत.

झडतीच्या बाबतीत स्थिती अधिक कमकुवत होती. १९५४ साली एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झडतीविरुद्ध गोपनीयतेचा मूलभूत अधिकार मान्य केला नाही. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी ते मत रद्द झाले आणि गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरला. त्यानंतर वर्ष उलटते तोच हे छापे पडले.

२०१८ चे छापे

घटनाक्रम थोडक्यात असा. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. १ जानेवारीला कोरेगाव भीमा व परिसरात हिंसाचार झाला. संभाजी भिडे व मिलिंद एकबोटे ह्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात परिषदेशी संबंधित कार्यकर्त्यांविरुद्ध दुसरा गुन्हा नोंदला गेला, आणि पुढील तपास ह्या दुसऱ्या गुन्ह्याच्या वाटेने विस्तारत गेला. १७ एप्रिल २०१८ रोजी पहिले छापे पडले. ६ जून रोजी सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, महेश राऊत, शोमा सेन व रोना विल्सन ह्यांना अटक झाली. २८ ऑगस्ट रोजी मुंबई, दिल्ली, हैदराबाद, रांची, गोवा इत्यादी ठिकाणी एकाच दिवशी झडत्या झाल्या. डॉ. आनंद तेलतुंबडे ह्यांच्या गोव्यातील घराची झडती ते घरी नसताना झाली. येथे सम्मुखाविनयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. हैदराबादच्या एका दलित प्राध्यापकाच्या घरी तर भिंतीवर देवांऐवजी फुले-आंबेडकरांच्या तसबिरी का, असे विचारले गेल्याचे त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले. हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याही घरात विचारता येईल.

झडतीचे पंच त्याच वस्तीतील प्रतिष्ठित रहिवासी असावेत, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०० सांगत असे; येथे पोलीस आपल्यासोबत पुण्याहून पंच घेऊन गेले होते. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने विशेष तपास पथकाची मागणी फेटाळली. न्या. धनंजय चंद्रचूड ह्यांनी भिन्न मत नोंदविले आणि प्रकरण न्यायालयापुढे असताना पोलिसांनी पत्रकार परिषदेत पुरावे वाचून दाखविल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली.

जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्या वर्षी १४ एप्रिल रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, डॉ. तेलतुंबडे शरण गेले. एकूण १६ जणांना अटक झाली. त्यांपैकी ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच, मुंबईच्या रुग्णालयात, जामिनाची वाट पाहत निवर्तले. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका अमेरिकन न्यायवैद्यक संस्थेच्या अहवालाने विल्सन ह्यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसविली गेल्याचे म्हटले. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाही. ह्यात खरे काय, हे साक्षीपुराव्यानेच ठरावे. परंतु नवव्या संघादिसेसाची शंका येथे उपस्थित झाली आहे आणि तिची छाननी खटल्यापूर्वी होऊ शकत नाही, हीच अडचण आहे.

मर्यादा कोठे पडते

ही अडचण कायद्यातच आहे. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा १९६७ चा. त्यात २००८ साली कलम ४३-ड घातले गेले. त्यानुसार तपासाची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटल्यास जामीन नाकारावा लागतो. जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याच्या ग्राह्यतेत खोलवर जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या वटाली निकालात म्हटले. वज्जींच्या पद्धतीत प्रत्येक पायरीवर सुटकेचे दार होते; येथे पहिल्याच पायरीवर ते बंद होते आणि शेवटची पायरी दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ढवळे व विल्सन ह्यांना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या अटकेला साडेसहा वर्षे झाली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

न्यायालयांनी काही दारे उघडली, हेही सांगितले पाहिजे. डॉ. तेलतुंबडे ह्यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि ते २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, बाहेर आले. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस व अरुण फरेरा ह्यांना जामीन देताना, केवळ साहित्य बाळगणे हा दहशतवादी गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात, ह्या कायद्याखालीही अटकेची कारणे लेखी दिलीच पाहिजेत, असा निर्णय झाला. त्याचा आधार अनुच्छेद २२ होता. बाबासाहेबांनी १९४९ साली बसविलेली कडी पंचाहत्तर वर्षांनी अशी उपयोगी पडली.

राज्याला तपासाचा अधिकार नाही, असे आमचे म्हणणे नाही. हिंसेचा मार्ग धम्माला मान्य नाही. संविधानिक साधने उपलब्ध असताना असंविधानिक मार्ग धरणे ही अराजकाची भाषा होय, हा बाबासाहेबांचा इशाराही आपण विसरता कामा नये. परंतु तो इशारा राज्यालाही लागू आहे. संविधानिक मार्ग खुले ठेवण्याचे कर्तव्य राज्याचे आहे, आणि सभा, पुस्तक व तसबीर ह्यांकडे संशयाने पाहिले गेले तर ते मार्ग अरुंद होतात. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकात संघटना बेकायदेशीर ठरविण्याची व तिच्या जागांचा ताबा घेण्याची तरतूद आहे. लहान संस्था, वाचनालये आणि विहार ज्यांच्या आधाराने चालतात, त्या आपल्या समाजाने ह्या तरतुदींकडे जागरूकतेने पाहावयास हवे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारांतील अभ्यासवर्गांत अनुच्छेद १९, २१ व २२ ह्यांचे वाचन व्हावे. झडतीच्या वेळी वस्तीतील दोन पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी मिळाली पाहिजे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडतीचे दृक्-श्राव्य चित्रण बंधनकारक आहे आणि अटकेची कारणे लेखी मागता येतात, ह्या चार गोष्टी प्रत्येक उपासक-उपासिकेस ठाऊक असाव्यात. आरोपाला मूळ आहे की नाही, हे माणसाला बंधनात टाकण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे. हा आग्रह विनयाचा आहे, अशोकाचा आहे आणि संविधानाचाही आहे. तो धरण्याची जबाबदारी आता आपली आहे.