औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण नेमकं काय सांगतो?

श्रीगोंद्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पिवळ्याचं आहे, लालचं नाय. काय होत नाय." लिंबाच्या बागेसाठी औषध घेताना माझे चुलतेही हेच म्हणायचे. मुळात आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कुठलाही रंग दिसला की तो कोणत्या आकड्यावरून ठरला, हे शोधायची मला खोड आहे. चुलत्यांचं वाक्य तपासायला बसलो आणि बरंच काही हाती लागलं.

रंगामागचा आकडा

भारतात कीटकनाशकांच्या लेबलचे नियम 1971 च्या कीटकनाशक नियमांतून येतात (कायदा 1968 चा). लेबलवर तिरका उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द. या चौकोनाने लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापला पाहिजे.

रंग ठरतो 'एलडी 50' या आकड्यावरून. चाचणीतले निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पदार्थ लागतो, तो हा आकडा. म्हणजे आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. पोटात गेल्यास 1 ते 50 असेल तर लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा आणि त्यापुढे हिरवा. (कातडीतून जाणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे आहेत.) लाल आणि पिवळ्या दोन्हींवर 'पॉयझन' लिहिलेलं असतं, पण कवटी आणि हाडांचं चित्र फक्त लालवर. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'.

आता चुलत्यांचं वाक्य पुन्हा वाचा. पिवळा म्हणजे 'चालतंय' नव्हे. नियमांच्या भाषेत तो 'अति विषारी' गट आहे, फक्त त्याच्या वर आणखी एक गट आहे.

रंग काय सांगत नाही

पॅराक्वाट या तणनाशकाचंच बघा. आपल्याकडे ते पिवळ्या त्रिकोणासह विकलं जातं. त्यावर उतारा नाही आणि त्याचा एखादा घोटसुद्धा जीव घेऊ शकतो. याउलट मोनोक्रोटोफॉससारख्या लाल गटातल्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांवर ॲट्रोपिनसारखे उपचार तरी आहेत, वेळेत मिळाले तर. माणूस वाचवता येईल का, हा प्रश्न रंगाच्या हिशेबात येतच नाही.

दुसरं म्हणजे हा आकडा एकदाच शरीरात गेलेल्या विषाचा आहे. दहा वर्षं दर हंगामात थोडं थोडं अंगावर उडत राहिलं तर काय होतं, हे त्यात नाही. हिरव्या त्रिकोणाबद्दल तर माझी खास तक्रार आहे. आपल्या डोळ्यांना हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, म्हणजे चांगलं, अशी सवय लागलीय. इथे हिरवा म्हणजे फक्त 'कमी विषारी'.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि पंपात एकत्र कालवलेली औषधं, अशी कारणं तेव्हा पुढे आली. लेबल एकेका बाटलीचं असतं. पंपात जे तयार होतं त्याला लेबलच नसतं.

जगात काय बदललं

1992 च्या रिओ परिषदेत ठरलं की इशाऱ्यांची खूण जगभर एकच असावी. त्यातून संयुक्त राष्ट्रांची 'जीएचएस' पद्धत आली, 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पांढऱ्यावर काळं चित्र, भोवती लाल कडा आणि अशी एकूण 9 चित्रं. छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र दीर्घकालीन धोक्यासाठी आहे, उदाहरणार्थ कर्करोग. आपल्या त्रिकोणात नेमकं हेच नाही.

युरोपने 2009 पासून जुने नारिंगी चौकोन टप्प्याटप्प्याने काढले. मिश्रणांसाठी नवं लेबल 1 जून 2015 पासून सक्तीचं झालं आणि दुकानातला जुना माल खपवायला 2017 पर्यंत मुदत दिली. तिथे फरशी पुसायच्या द्रवावरही ही चित्रं असतात. 2024 च्या दुरुस्तीत अक्षरं किती मोठी असावीत हेही ठरवलं. डिजिटल लेबलला परवानगी दिली, पण धोक्याची मुख्य माहिती बाटलीवरच छापली पाहिजे, ही अट ठेवली. मला हे पटतं. डोळ्यात ॲसिड उडालेला माणूस क्यूआर कोड स्कॅन करत बसणार नाही.

भारतात जीएचएस लेबल आणणाऱ्या रसायन नियमांचा मसुदा 2020 पासून चर्चेत आहे. कीटकनाशकांचा त्रिकोण मात्र वेगळ्या कायद्यातून येतो, म्हणजे तिथे वेगळी दुरुस्ती लागेल. आणि ती नुसती चित्रं बदलण्याइतकी सोपी नाही. आमच्या धंद्यात याला 'ब्रेकिंग चेंज' म्हणतात: नाव तेच राहतं, अर्थ बदलतो. जीएचएसमध्ये इशाऱ्याचे दोनच शब्द आहेत, 'डेंजर' आणि 'वॉर्निंग', आणि त्यात 'डेंजर' जास्त गंभीर. आपल्याकडे 'डेंजर' निळ्यावर असतो, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. शिवाय जीएचएसमध्ये पोटात गेल्यास एलडी 50 चा आकडा 300 पर्यंत असलेल्या मालावर कवटी येते. म्हणजे 51 ते 300 मधला जो माल आज कवटीशिवाय पिवळ्यात बसतो, त्यावर उद्या कवटी येईल. बाटलीतलं रसायन तेच राहील, पण गिऱ्हाईक विचारणार, "हे आता जास्त कडक केलंय का?" काउंटरवरच्या माणसाला उत्तर माहीत हवं.

तोवर आपण काय बघायचं

रंगाच्या आधी लेबलवरचा 'उतारा' शोधा. तो लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकात द्यावाच लागतो. पत्रकात मराठी मजकूरही असतो, फक्त तो बारीक छापलेला असतो. मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. घरातलं डास पळवायचं लिक्विडही कीटकनाशक कायद्यातच येतं, त्यावरही त्रिकोण शोधा. टॉयलेट क्लीनरला तो नियम लागू नाही. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

उरलेलं औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतू नका, आणि औषधाचा रिकामा डबा घरात वापरू नका. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत जुलै 2013 मध्ये मध्यान्ह भोजनातून 23 मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं, आणि स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवल्याचं पुढे आलं.

कुणाला विषबाधा झालीच तर 108 ला फोन करा, मनानेच उलटी काढायला लावू नका. अंगावरचे भिजलेले कपडे काढा, कातडी साबणपाण्याने धुवा. दवाखान्यात जाताना बाटली लेबलसकट सोबत न्या. डॉक्टरांना रंगापेक्षा त्यावरचं रसायनाचं नाव जास्त कामाला येतं.