कोर्टाची पायरी

दिवाळीची झाडलोट निघाली, की आमच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली यायची. तीत तांबड्या बासनात बांधलेले काही जुने कागद होते. आजी ते उन्हात पसरी आणि त्यांतल्या एका कागदावर बोट ठेवून दरवर्षी तेच सांगे, "तुझ्या पणजोबांनी वेळेवर उत्तर दिलं नाही, म्हणून ओढ्याकाठचं शेत गेलं हो!"

तो कागद म्हणजे हुकूमनाम्याची नक्कल होती. गोष्ट १८७५ च्या आधीची. सावकाराने दावा लावला, बेलिफ समन्स घेऊन आला; पणजोबांनी ते हाती घेतले नाही, तेव्हा दाराला डकवून तो चालता झाला. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," असे म्हणून पणजोबा नांगर घेऊन शेतावर गेले. तारखेला पुकारा झाला, त्यांच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही आणि निकाल एकतर्फी झाला.

लहानपणी मला पणजोबांचा राग येई. पुढे मराठी अमदानीतले न्यायाचे कागद वाचू लागलो, तेव्हा तो ओसरला. त्यांच्या आजाच्या काळी वाद चालवण्याची रीतच निराळी होती.

पेशवाईत वाद मांडणारा तो अग्रवादी आणि उत्तर देणारा पश्चिमवादी. फिर्याद पाटलाकडे किंवा मामलेदाराकडे जाई. पश्चिमवादी आला नाही, तर सरकारी प्यादा त्याच्याकडे जाई आणि प्याद्याचा खर्च, म्हणजे 'मसाला', त्याच्याच माथी बसे. सावकारही स्वस्थ बसत नसे. ऋणकोच्या दारात ठाण मांडून तो तकाजा लावी. पंचायत बसली, की दोघांकडून राजीनामे घेत. हे राजीनामे नोकरी सोडण्याचे नव्हेत! पंच सांगतील ते मान्य, असे ते लेखी वचन असे. मग जामीन, मग दोघांच्या तकरिरी, मग साक्षी आणि शेवटी निवाडपत्र. हरणारा येजितखत लिहून देई, जिंकणारा सरकारात हरकी भरी. ही रीत फार निर्मळ होती असे नाही; वशिला चाले, वादही वर्षानुवर्षे रेंगाळत. पण त्या जगात गप्प बसणाऱ्याला कोणी गप्प बसू देत नसे. त्याला ओढून आणून बोलते करत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबाने पंचायती टिकवण्याचा यत्न केला, पण हळूहळू न्याय कचेरीत गेला. १८५९ मध्ये दिवाणी कामाचा पहिला व्यापक कायदा आला. आता दावा म्हणजे कागद. वादीने काय घडले, काय मागणे आहे ते लिहायचे. कोर्टाने प्रतिवादीस समन्स काढायचे. त्याने नेमल्या दिवशी हजर व्हायचे. नाही झाला तर? कोर्ट त्याची वाट पाहत बसणार नाही. वादीचा पुरावा ऐकून निकाल देईल. नव्या न्यायात मौनालाही किंमत आली, आणि ती मौन धरणाऱ्यानेच मोजायची होती.

त्याच वर्षी मुदतीचा कायदा आला आणि साध्या कर्जखतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा पडली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परंतु मुदत भरत आली, की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. निरक्षर कुणबी अंगठा उठवी आणि पुढे समन्स आले, की आमच्या पणजोबांसारखा घरीच बसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी हा कोंडमारा फुटला. पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी कुणब्यांनी सावकारांची दारे ठोठावली. त्यांना हवी होती ती खते आणि हुकूमनामे. ती हाती आली, की होळी होई. सरकारने चौकशीस आयोग नेमला. कितीतरी दावे एकतर्फीच निकालात निघतात, हे त्यात उघड झाले. मग १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यात मला फार मोलाची वाटते ती एक गोष्ट: खास कारण नसेल, तर कोर्टाने प्रतिवादीची जबानी घेतलीच पाहिजे आणि कर्जाचा मूळपासूनचा इतिहास तपासला पाहिजे. कागदाच्या न्यायाला पुन्हा तकरीर आठवली म्हणायची! आमचे शेत मात्र तोवर गेले होते.

आज १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता वेळोवेळी दुरुस्त होऊन चालू आहे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत द्यावी. कोर्ट कारण पाहून नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. वादीचे एखादे म्हणणे खोटे असेल, तर ते नेमके नाकारावे. मोघम नकार पुरत नाही. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर समन्स नीट बजावले नव्हते किंवा गैरहजेरीस सबळ कारण होते, असे दाखवून तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्याची मुदत तीस दिवसांची. ती हुकूमनाम्यापासून, आणि समन्सच नीट बजावले नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. वकिलाला पैसे नाहीत, म्हणूनही घरी बसू नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्नाच्या माणसांना मोफत वकील मिळतो.

ती म्हण खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. दावा लावण्याआधी शहाण्याने दहादा विचार करावा, तडजोड होत असेल तर करावी. पण ती म्हण वादीसाठी आहे. प्रतिवादीच्या बाबतीत पायरीच त्याच्या दारी येते. ती चढायची की नाही, हे ठरवणे त्याच्या हाती उरलेले नसते.

आजी गेली, पेटी माझ्याकडे आली. यंदाही कागद उन्हात घातले. नातू विचारू लागला, "आजोबा, हे काय?" मी त्या कागदावर बोट ठेवले आणि आजीचेच वाक्य सांगू लागलो.