सिंधुदुर्ग: तट आणि आरमार



मालवणात शिकलेल्यांना सिंधुदुर्ग नव्याने काय सांगायचा? २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. पायात ओतलेलं शिसं, महाराजांच्या हातापायाचे ठसे, भर समुद्रात गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पुढचा इतिहास मात्र आपण फारसा बोलत नाही.

१७६५ मध्ये हा किल्ला इंग्रजांनी आरमारी हल्ला करून जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. तेव्हा कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. पुढच्याच वर्षी पैसे देण्याच्या आणि व्यापारी जहाजांना उपद्रव न देण्याच्या अटींवर किल्ला परत मिळाला. १८१२ च्या तहात मालवण बंदरासह तो कायमचा कंपनीकडे गेला.

तट तोच होता, खडक तेच होते, विहिरींना पाणीही तेच होतं. मग बदललं काय?

महाराजांनी नुसता किल्ला बांधला नव्हता. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट आणि या सगळ्यांच्या जोडीला आरमार, अशी ती रचना होती. शत्रूची गलबतं बुडत्या खडकांत अडकायची, पण त्या खडकांमधली वाट ठाऊक असलेली आपली माणसं बाहेर पडून तुटून पडायची. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या मोहिमेत इंग्रजांच्या सोबतीला खुद्द पेशव्यांचं सैन्य होतं. या किनाऱ्यावरचं सर्वांत जबर मराठी आरमार आपल्याच भांडणात संपलं आणि नऊ वर्षांत सिंधुदुर्ग पडला. मला तरी या दोन घटना वेगळ्या वाटत नाहीत.

माझं काम सॉफ्टवेअरचं. फायरवॉल कितीही भक्कम असली, तरी तिच्यामागे जागती माणसं नसतील तर ती नुसती भिंतच, हे तिथे रोज दिसतं.

किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांचं मालवणला येणं-जाणं अवघड होतं, तरी त्यांनी बेट सोडलेलं नाही. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात, तर ठशांसोबत त्यांना १७६५ सालही सांगा. किल्ला पडला होता हे कळलं, तर तो शंभर वर्षं कशामुळे टिकला हेही ती विचारतील.