क्षमेचीं पांच वर्षें

ओडिशाच्या उत्तर भागांतील बारीपदा हें शहर एके काळीं मयूरभंज संस्थानची राजधानी होतें. तेथील मिशनच्या कुष्ठाश्रमाचें काम संस्थानी काळापासून चालत आलेलें. १९६५ सालीं ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन तरुण या मिशनमध्यें दाखल झाले. ते उडिया व संताळी भाषा शिकले आणि तेथलेच झाले. ग्लॅडिस या परिचारिका १९८१ सालीं भारतांत आल्या. १९८३ सालीं दोघांचा विवाह झाला.

कुष्ठरोगांत मज्जातंतु मरतात. हात भाजला, पायांत कांटा रुतला तरी रोग्यास कळत नाहीं, आणि न कळलेली जखम चिघळत जाते. औषधानें जंतु मरतात. परंतु गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. म्हणून जखमा धुणें, पट्ट्या बांधणें, हें काम रोजचें. शिवाय ज्यांना घरच्यांनीं दार बंद केलें, त्यांना आश्रमाचेंच घर.

१९९९ च्या जानेवारींत स्टेन्स आपले दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, यांना घेऊन केओंझर जिल्ह्यांतील मनोहरपूर या खेड्यांत ख्रिस्ती मेळाव्यास गेले होते. २२ तारखेच्या रात्रीं तिघे मोटारींत निजले असतां मध्यरात्रीनंतर जमावानें ती पेटवून दिली. पिता व दोन्ही पुत्र जळून मृत्युमुखीं पडले. ग्लॅडिसबाई व कन्या मागें राहिल्या.

बाईंनीं मायदेशीं परतावें, हें कोणासही स्वाभाविक वाटलें असतें. परंतु त्यांनीं मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचें जाहीर केलें आणि त्या बारीपद्यांतच राहिल्या. आश्रमाची धुरा त्यांनीं आपल्या खांद्यावर घेतली. रुग्ण तेच होते, जखमा त्याच होत्या. सकाळचें काम थांबण्यासारखें नव्हतें.

या क्षमेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती वेदना न जाणवण्यांतून आलेली नव्हती. बधिरपणा काय घात करतो, हें त्या आश्रमाइतकें कोणास ठाऊक असणार? क्षमा म्हणजे न्यायावर सोडलेलें पाणीही नव्हे. मनांतील द्वेष सोडणें हा बाईंचा अधिकार. अपराधाचें शासन ठरविणें हा न्यायासनाचा. ही सीमारेषा त्यांनीं कधीं पुसली नाहीं. २००३ सालीं भुवनेश्वरच्या न्यायालयानें मुख्य आरोपी दारासिंग यास फांशीची शिक्षा दिली. २००५ सालीं उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीच कायम केली.

२००४ सालीं बाई ऑस्ट्रेलियास परतल्या. त्याच सालीं बारीपद्यांत त्यांच्या पतीच्या स्मरणार्थ रुग्णालय सुरू झालें. पुढील वर्षीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री देऊन गौरविलें.

ज्या भूमीवर पति व पुत्र गेले, तेथेंच या स्त्रीनें पांच वर्षें परक्यांच्या जखमांची काळजी वाहिली. क्षमेचा शब्द एका क्षणांत उच्चारतां येतो. तो खरा करण्यास मात्र असे पुष्कळ दिवस खर्चीं घालावे लागतात.